गणोजीअण्णांचं निशाण

गणोजीअण्णांची आणि माझी पहिली भेट माझ्या पायजम्यामुळे झाली.

पुण्याहून बंगळूरला येऊन आम्हाला एकच दिवस झाला होता. मला तिथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली होती. पेठेच्या मागल्या गल्लीत एका जुन्या घराच्या दोन खोल्या ओळखीतून भाड्याने मिळाल्या होत्या. पुढच्या भागात घरमालक, मागच्या भागात मी आणि माझी बायको सुमन. सकाळी गच्चीवर गेलो तर एक साठीचा काटकुळा माणूस, गळ्यातला टेप सोडून, वाळत घातलेल्या माझ्या पायजम्याची मापं घेत होता. लांबीरुंदी नव्हे, पायजमा जमिनीपासून किती उंचावर आहे ते.

"चार इंच वर आहे," तो म्हणाला.

"कशाच्या?"

त्याने टेपचं टोक घराच्या दर्शनी बाजूकडे केलं. तिथे बांबूवर दोन शेपटांचं भगवं निशाण फडकत होतं. छोटंसंच, उन्हाने विटलेलं. ऊन चांगलं लागावं म्हणून मी दोरी थेट पाण्याच्या टाकीवरून नेली होती, त्यामुळे माझा पायजमा त्या निशाणाच्या डोक्यावर नाचत होता.

"निशाणाच्या वर ह्या घरात काय वाळत नाही. पापड नाही, मिरची नाही. तुम्ही पुण्याचे नव्हे काय? मग तुमच्या पायजम्याला स्वल्प खाली यायला सांगा की."

'स्वल्प' हा शब्द मी तोवर फक्त स्तोत्रात ऐकला होता. तो पायजम्याला लागलेला ऐकून मी फस्सकन हसलो. समोरचा माणूसही हसला. जुनी ओळख निघावी तसा चेहरा करून हसला. हेच घरमालक गणोजीराव. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची.

अण्णा शिंपी होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. एक पायमशीन, एक आरसा आणि खडूने पांढरं झालेलं फळकूट, एवढाच पसारा. माणसं त्यांना नावाने आठवत नसत, मापाने आठवत. "काल तो छत्तीस छाती आलावता," असं म्हणाले की ओळखायचं, पोस्टमास्तर येऊन गेले. माझा पहिला शर्ट बेतताना त्यांनी मला गोल फिरवलं आणि म्हणाले, "पुणेकर, तुमचा डावा खांदा अर्धा इंच वर आहे."

"वजनं उचलून झालं असेल," मी म्हणालो.

"वजन उचलून खांदा खाली जातो, वर नाही जात. हा अभिमानाचा. असू दे, कापडात झाकतो."

अभिमानाबद्दल बोलायला त्यांच्याइतका अधिकारी माणूस मी पाहिला नाही. थोरल्या महाराजांचे वडील ह्या मुलखात जहागिरीवर आले, त्यांच्या फौजेबरोबर अण्णांच्या घराण्याचा मूळ पुरुष आला आणि इथेच राहिला. ह्याला तीनशे वर्षं झाली. पण अण्णा ही गोष्ट अशी सांगत की वाटावं ते स्वतः परवाच घोड्यावरून उतरलेत. कारखान्यातले आम्ही मराठी इंजिनियर त्यांच्या लेखी कालची पोरं. "तुम्ही आलेले," ते म्हणत, "आम्ही असलेले." बोलताना बोट आधी माझ्याकडे, मग जमिनीकडे. वाद मिटला.

मला मात्र ह्या असलेल्या माणसाच्या मराठीची भारी गंमत वाटायची. पुण्यात वाढलेल्या माणसाला दुसऱ्याचं मराठी सुधारण्याची जी खाज असते ती माझ्यात पुरेपूर होती. अण्णा म्हणायचे, "पाऊस बसला," मी म्हणायचो, "पाऊस थांबला, अण्णा." ते म्हणायचे, "ऊट झालं काय?" मी हसून लोळायचो आणि सांगायचो, "जेवण म्हणा, जेवण." "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, असं म्हणून ते मान डोलवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन वर्षं मी शिकवत होतो आणि विद्यार्थी जिथल्या तिथे. सुमन चिडायची. "मोठ्या माणसाला असं हसतात का?" मी म्हणायचो, "अगं, त्यांचं भलं करतोय मी."

अण्णांच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर एक धोतरवाला माणूस कायम बसलेला असे. हा नंजप्पा. कोरमंगलाच्या तळ्याकडे त्याची फुलांची बाग होती. सकाळी बाजारात फुलं टाकली की दुपारपर्यंत तो ह्या कट्ट्यावर. दोघं फारसं बोलत नसत. अण्णा मशीन मारत, नंजप्पा विडा चघळे. मी त्याला कधी मोजलंच नव्हतं.

त्याची फळं मला एका रविवारी मिळाली. त्या सुमारास बेळगावचा प्रश्न पुन्हा पेटला होता आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही पाचसहा मराठी मंडळी जेवणाच्या सुट्टीत रोज महाराष्ट्राच्या सीमा आखत होतो. 'बंगळूरच्या छातीवर भगवा रोवून बसलेला मर्द' बघायला मित्रांना घेऊन मी अण्णांच्या दुकानात गेलो. अण्णांनी कॉफी मागवली. मित्रांनी वीरश्रीने सुरुवात केली. कानडी लोक कसे असतात, त्यांना कसं ठणकावलं पाहिजे, त्यांच्या गल्लीत भगवा लावून अण्णांनी त्यांच्या नाकावर कसं टिच्चून दाखवलं. मी तर दोन पावलं पुढे गेलो. कट्ट्याकडे अंगठा करून म्हणालो, "आता हाच नमुना बघा. दिवसभर रवंथ. ह्यांना कसला आलाय अभिमान!"

नंजप्पाने शांतपणे पिंक टाकली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "साखर हवी काय अजून, सार? कॉफी कडू लागत असेल."

मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे मला त्या दिवशी कळलं. नंजप्पा लहानपणापासून अण्णांच्या स्वयंपाकघरात वाढला होता. अण्णा पोट धरून हसले. मित्रांनी कप खाली ठेवले आणि एकेकाला घरी कामं आठवली.

ते गेल्यावर अण्णांनी मला मशीनशेजारच्या स्टुलावर बसवलं.

"निशाण कोण बांधतं ठाऊक आहे काय?"

"तुम्हीच."

"शिवतो मी. वर चढवतो मी. गाठ हा मारतो." त्यांनी नंजप्पाकडे बोट केलं.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. त्यांचा तो मूळ पुरुष फौजेबरोबर राहिला वगैरे सगळं खरं, पण राहिला तो जखमी होऊन. फौज पुढे गेली, हा मांडी फुटून इथे तेव्हा असलेल्या फुलांच्या बागेत पडला. नंजप्पाच्या मूळ पुरुषाने त्याला उचललं, आठ महिने घरात ठेवलं, मग आपल्याच जागेतला तुकडा दिला. बऱ्या झालेल्या शिपायाने विचारलं, घरावर माझं निशाण लावू का? यजमान म्हणाला, लाव, पण गाठ मी मारीन. तेव्हापासून दर पाडव्याला नवं निशाण चढतं आणि ते केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोरीने बांधलं जातं. हारवाले फुलं ओवतात ती दोरी. ती नंजप्पाच्या घरून येते, आणि त्याच घरच्या हाताची गाठ पडल्याशिवाय निशाण वर जात नाही.

"म्हणजे परवानगी घेता?" मी विचारलं. मला ते जरा कमीपणाचंच वाटलं होतं.

"दर वर्षी विचारतो. दर वर्षी तो हो म्हणतो. तीनशे वेळा हो म्हणून घेतलेलं निशाण आहे हे. तुमच्या पुण्यात आहे काय असलं?"

एवढं ऐकूनही अक्कल आली नाही. अक्कल यायला मला नेहमी दुसरी खेप लागते.

काही महिन्यांनी समोरच्या घरात कुलकर्णी राहायला आले. धारवाडचे, सरकारी कचेरीत कारकून, कडवे कन्नडाभिमानी. आई मिरजेची, त्यामुळे मराठी माझ्याइतकं चांगलं. त्यांनी आपल्या कठड्यावर पिवळं-तांबडं निशाण लावलं. कर्नाटकाचं म्हणून ते नुकतंच गावात दिसू लागलं होतं. एका संध्याकाळी ते गल्ली ओलांडून आले आणि सरळ म्हणाले, "अण्णा, खरं सांगा. तुमचं हे भगवं, हा अभिमान की आमचा द्वेष?"

अण्णांच्या तोंडात दोरा होता. तो काढून ते म्हणाले, "कुलकर्णी, तुमच्या मंडळी दारात रांगोळी घालतात, ती शेजारणीला चिडवायला काय?"

"रांगोळी बेळगाव मागत नाही, अण्णा."

अण्णांनी तोच दोरा सुईत ओवला. टोकाला गाठ मारली. मग म्हणाले, "ते पण खरं."

मला हा शुद्ध पराभव वाटला. आमच्या बाजूचा माणूस 'ते पण खरं' म्हणतो म्हणजे काय! मी मनात ठरवलं की अण्णांनी सोडलेली लढाई आता आपण लढायची. पुढच्या रजेत पुण्याहून मी झुळझुळीत साटिनचं, सोनेरी झालर लावलेलं निशाण आणलं. अण्णांच्या निशाणाच्या तिप्पट. शिवाय कुलकर्ण्यांच्या काठीपेक्षा पाच फूट उंच असा बांबू पैदा केला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अण्णा होसकोट्याला एका नातेवाइकाकडे गेले होते. पाडव्याला सकाळी पहिल्या बसने परत येणार होते. मी विचार केला, त्यांना चकित करावं. उजाडताच कँटीनच्या मित्रांना बोलावून जुना बांबू उतरवला, नवा चढवला, नायलॉनच्या दोरीने साटिन बांधलं आणि घोषणा दिल्या. सुमन खालून ओरडत होती, "अहो, अण्णांना येऊ द्या! अहो, विचारा तरी कुणाला!" घोषणांच्या आवाजात बायकोचं ऐकू येत नाही हा घोषणांचा एक फायदा असतो.

गल्ली जमली. कुलकर्णी बनियनवर बाहेर आले आणि त्यांनीही घोषणा सुरू केल्या. त्यांच्या बाजूने दहाजण, आमच्या बाजूने सहा. कोणी तरी चप्पल दाखवली. आमच्यातल्या कोणी तरी जास्त मोठी चप्पल दाखवली. आणि त्या गोंधळात गल्लीच्या तोंडाकडून नंजप्पा आला. नवं धोतर, केळीच्या पानात गुंडाळलेला झेंडूचा हार आणि हातात ओली करून आणलेली सोपटाची दोरी.

त्याने वर पाहिलं. नायलॉनची गाठ बघितली. पान तसंच काखेत धरून वळला आणि निघून गेला.

अर्ध्या तासाने अण्णा आले. त्यांनीही वर पाहिलं. मी छाती काढून पुढे झालो.

"गाठ कोणी मारली?"

"मी! दुहेरी मारलीय अण्णा, जन्मात सुटायची नाही."

अण्णा दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांचं ते बसणं बघून आधी आमच्या घोषणा थांबल्या, मग कुलकर्ण्यांच्याही. मग त्यांनी विचारलं, "नंजप्पा येऊन गेला?"

मी मान हलवली.

"काय म्हणाला?"

"काही नाही."

त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. मी वर चढून, जन्मात न सुटणारी गाठ कापली.

त्यानंतर बांबू रिकामा राहिला. अण्णा नंजप्पाच्या बागेत दोनदा जाऊन आले; दोन्ही वेळा नंजप्पा पाणी द्यायला गेलाय असं घरच्यांनी सांगितलं. कट्टा ओस पडला. गल्लीत चर्चा झाली की अण्णा घाबरले. कँटीनमध्ये माझ्या मित्रांनी त्यांना भित्रा ठरवलं. कुलकर्णी चार दिवस ताठ फिरले, पाचव्या दिवशी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "अहो, त्यांना लावायला सांगा की. समोर काही नसलं की आमचंही निशाण उगाच लावल्यासारखं दिसतं." अण्णांनी शिवलेलं त्या वर्षाचं निशाण मशीनवर घडी करून ठेवलेलं होतं. मी दुकानात गेलो की ते त्यावर हात ठेवत.

"मी चुकलो, अण्णा," मी एकदा म्हणालो.

"मला काय सांगता? माझी गाठ होती काय ती?"

रविवारी सुमनने मला सायकल काढायला लावली आणि स्वतः मागे बसली. वाटेत तिने कुलकर्णीकाकूंकडून पाठ करून आणलेलं एक कानडी वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं. दोन वर्षांत मी शिकलेलं पहिलं. कोरमंगला तेव्हा साधं खेडं होतं. तळ्याच्या बांधाखाली नंजप्पाची बाग होती. तो वाफ्यात उकिडवा बसला होता. मी समोर उभा राहिलो, घाम पुसला आणि म्हणालो, "तप्पायितु. क्षमिसि."

चुकलो, क्षमा करा. नंजप्पाने वर बघितलं. माझे उच्चार इतके भयंकर होते की त्याच्या सुनेने तोंडावर पदर धरला.

"कानडी सुधारायला पाहिजे तुमचं," तो मराठीत म्हणाला. मग शेजारी केळीची सोपटं पडली होती त्यांच्याकडे बोट करून म्हणाला, "बसा."

त्याने मला सोपट उभं चिरून तंतू काढायला लावले, भिजवायला लावले, मांडीवर वळायला लावले. माझ्या दोऱ्या तीनदा तुटल्या. इंजिनियर माणूस, यंत्राचे भाग बनवणारा, मला एक हात लांबीची दोरी वळायला सकाळ लागली. सुमनची पहिल्याच झटक्यात झाली, हे मी लिहिणारच नव्हतो.

दोरी वळता वळता मी म्हणालो, "अण्णांनी मला घराबाहेर कसं काढलं नाही, कळत नाही. मी त्यांचं निशाण घालवलं. दोन वर्षं त्यांच्या बोलण्याला हसतोय, ते वेगळंच."

नंजप्पाचे हात थांबले.

"तेवढ्यासाठीच काढत नाही तो तुम्हाला," तो म्हणाला. "त्याचा बाबू असाच हसायचा."

मला बाबू कोण ते माहीत नव्हतं.

"मुलगा. एकच. तुमच्या पुण्याला गेला नोकरीला. तिकडे लोक त्याच्या बोलण्याला हसले. मग सुट्टीला आला की हा इथे बापाला हसायचा. असं नाही म्हणायचं अप्पा, तसं म्हणायचं. बाप खूश. मुलगा शिकला म्हणून खूश. मग येणं कमी झालं. आता कार्डपण येत नाही. ह्याला भाडेकरू ठेवायची काय गरज होती? पुण्याचं माणूस पाहिजे, एवढंच म्हणाला होता."

मी दोरीचा सुटलेला पीळ पुन्हा घट्ट केला.

"आणि 'जेवण' म्हणता येत नाही काय त्याला?" नंजप्पा म्हणाला. "माझ्यापाशी सगळं सरळ बोलतो. तुमच्यापुढेच चुकतो. तुम्ही हसलात की दुकान बंद करून माझ्याकडे येतो आणि सांगतो, आज पुणेकर दोनदा हसला."

परत येताना मी सायकल हातात धरून चाललो. सुमन शेजारून चालली.

नंजप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पाडवा उलटून दोन आठवडे झाले होते. "तिथी गेली की," अण्णा पुटपुटले. "दोरी आज झाली, आज पाडवा," नंजप्पा म्हणाला, आणि कट्ट्यावर आपल्या जागी जाऊन बसला, जणू मधले दिवस आलेच नव्हते. अण्णांनी घडी उलगडली. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, कानडीत, तीनशे वर्षांपूर्वी त्या शिपायाने विचारलं असेल तसंच: लावू का?

नंजप्पाने चघळणं थांबवून थोडा वेळ घेतला. मला वाटतं, तेवढा वेळ त्याने माझ्यासाठी घेतला.

"लाव," तो म्हणाला.

त्याने माझ्या वाकड्यातिकड्या दोरीने गाठ मारली. अण्णांनी दोरीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. निशाण वर गेलं. समोरून कुलकर्णी बघत होते. संध्याकाळी ते आपलं पिवळं-तांबडं घेऊन दुकानात आले. वाऱ्याने त्याची कडा उसवली होती. अण्णांनी ते मशीनवर घेतलं, दुहेरी दुमडून टीप मारली आणि म्हणाले, "कापड हलकं घेतलंत. पुढल्या वर्षी मला विचारून घ्या."

पण सकाळचं सांगायचं राहिलं. निशाण वर जाऊन वाऱ्यात उलगडलं तेव्हा अण्णा, सुमन आणि मी खाली उभे होतो. अण्णांची मान वर, पाठ ताठ, डोळ्यांत पाणी. तो माणूस त्या क्षणी खरोखरच घोड्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. आदल्या दिवशी बागेतून परतताना मी रस्ताभर शपथ घेतली होती की आता जन्मात त्यांच्या बोलण्याला हसायचं नाही.

अण्णांनी डोळे पुसले. माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पुणेकर, बघा, वारा कसा छान बडतो आहे."

आणि बोलून ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

कट्ट्यावरून नंजप्पाही बघत होता. शपथ मोडून मी जमेल तेवढ्या मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "बडतो नव्हे अण्णा, वाहतो! वाहतो म्हणा!"

"सरी, सरी," अण्णा म्हणाले.